कविता ऐकायची सवय कशी लावावी? (पॉडकास्ट, काव्यवाचन, ओपन माइक)

ओंजळ

नमस्कार मंडळी. कविता मला आवडतात, पण संग्रह हातात घेतला की पाचव्या-सहाव्या कवितेनंतर डोळे नुसते ओळींवरून फिरतात, आत काही उतरत नाही. मध्यंतरी मैत्रिणीने ओढून एका ओपन माइकला नेलं, म्हणजे कोणीही मंचावर जाऊन कविता म्हणू शकतं अशा कार्यक्रमाला. तिथे एका मुलाने वडिलांच्या तुटक्या चष्म्यावर कविता म्हटली. हातात कागद नव्हता, आवाजही चढवला नाही. मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तिथेच होते. पुस्तकाशी असं माझं क्वचितच झालंय.

तेव्हापासून ठरवलंय की कविता कानांनी घ्यायच्या. पण अडतंय. पॉडकास्ट लावला की दोन ओळींनंतर मन भलतीकडे जातं, आणि भानावर येईपर्यंत कविता संपलेली असते. कविसंमेलनाला गेले तर एकामागून एक कवी, आणि तासाभराने सगळ्या कविता एकमेकींत मिसळून जातात. दाद कधी द्यायची तेही उमगत नाही. शेजारचे 'वाह' म्हणतात तेव्हा मी अजून मागच्याच ओळीत असते. त्यात घरातल्या एका जाणत्या माणसाचं म्हणणं असं, की कविता ही एकांतात वाचायची गोष्ट, ऐकणं म्हणजे वरवरचं.

तुमच्यापैकी जे नियमित ऐकतात त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू? आणि ऐकलेल्या कवितेला खरंच कमी लेखायचं का?

चालता_बोलता

ओंजळताई, पॉडकास्टपुरतं सांगतो, बाकीचं इथले जाणकार सांगतील.

आधी अॅपमधला वेग तपासा. बातम्या आणि मुलाखती आपण दीडपट वेगाने ऐकतो, आणि तोच वेग कवितेलाही लागू होऊन बसतो. कवितेतला थांबा हा कवितेचाच भाग असतो, वेग वाढवला की तो पहिल्यांदा जातो. दुसरं म्हणजे पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. कविता संपल्यावर लगेच जाहिरात किंवा दुसराच आवाज सुरू झाला, तर आत्ता ऐकलेलं पुसलं जातं.

तिसरं, एकच कविता दोनदा वाचणारे कार्यक्रम शोधा. इंग्रजी चालत असेल तर पॉड्रिग ओ तूमा या आयरिश कवीचा 'पोएट्री अनबाउंड' ऐका. २०२० पासून चालू आहे. आधी कविता, मग त्यावर शांतपणे बोलणं, मग तीच कविता पुन्हा. दुसऱ्या वेळी ऐकताना जी गंमत येते ती पहिल्या वेळी येत नाही. पाचेक मिनिटांत आटोपणारं काही हवं असेल तर 'द स्लोडाउन' आहे, ट्रेसी के. स्मिथ यांनी २०१८ मध्ये सुरू केलेला. मराठीसाठी मी कवीचं नाव आणि 'काव्यवाचन' असं शोधतो. ज्यात मागे बासरी किंवा पियानो अखंड वाजतो ते मी सरळ सोडून देतो.

ध्वनिफीत

ओंजळ, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा आहे.

मी अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करते. कादंबऱ्या, चरित्रं, परीक्षांची पुस्तकं, जे येईल ते. कवितासंग्रह आला की मात्र मी तो मागून घेते. माझ्या श्रोत्यांपैकी कित्येकांनी कवितेचं पान कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाहीत. मग त्यांचं कवितेशी असलेलं नातं वरवरचं म्हणायचं? एका आजोबांनी मला विचारलं होतं, "त्या ओळीच्या मधे तुम्ही जरा थांबलात. तिथे स्वल्पविराम आहे की तुमचा श्वास?" मी पुस्तक काढून पाहिलं. स्वल्पविराम होता. डोळ्यांनी वाचणाऱ्या किती जणांना तो जाणवला असेल, मला शंका आहे.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काम करता करता ओव्या रचत आणि म्हणत, घरच्यांनी त्या उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि संग्रह आला १९५२ मध्ये. म्हणजे त्या हयात असेपर्यंत ती कविता बहुतेकांनी कानांनीच घेतली होती. पुस्तक निघाल्यामुळे ती आपल्यापर्यंत पोचली हे खरं, पण पुस्तक निघाल्यामुळे ती मोठी झाली असं कोणी म्हणणार नाही. आणि मंचावरून कविता वाचण्याची रीतही काही ओपन माइकपासून सुरू झाली नाही. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातल्या कवींनी लोकांसमोर काव्यगायन रूढ केलं. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगावी कविता वाचल्या आणि सभागृहं भरली. तिघांचा आवाज वेगळा, वाचायची तऱ्हा वेगळी, आणि लोक त्या तिन्ही तऱ्हा ऐकायला येत. घरच्या जाणत्यांना हे जरूर सांगा.

आता ऐकावं कसं. तुम्ही म्हणता दोन ओळींनंतर मन भटकतं. माझा अनुभव असा, की मन बहुधा अर्थाच्या मागे लागल्यामुळे भटकतं. पहिली ओळ कानावर पडली की आपण तिचा अर्थ लावायला बसतो, आणि तेवढ्यात दुसरी-तिसरी निघून जाते. पुस्तकात डोळा मागे नेता येतो, कानाला ती सोय नाही. म्हणून पहिल्यांदा ऐकताना अर्थाकडे पाहूच नका. आवाज कुठे थांबतो तेवढं धरा.

एक उदाहरण देते. मोठ्या अभंगाची मोजणी सोपी आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक. आत्ताच जुळवलेलं हे एक कडवं घ्या, कुणाचं नाही:

उगवला दिस
सरली काळोखी
पाखरे ओळखी
सांगू आली

मोठ्याने म्हणून पाहा. पहिले तीन चरण सारख्या लांबीचे, त्यामुळे कान चौथाही तेवढाच येणार असं धरून चालतो. तो दोन अक्षरं आधीच संपतो. त्या दोन अक्षरांच्या रिकाम्या जागेत वाचणारा श्वास घेतो आणि ऐकणारा कडवं मनात ठेवून घेतो. कीर्तनात, भजनात हीच मोजणी कानावर पडत आल्यामुळे ज्यांना एक अक्षर येत नव्हतं त्यांनाही शेकडो अभंग पाठ होते. तुम्ही कधी ध्वनिमुद्रणात अभंग ऐकाल तेव्हा फक्त त्या आखूड चौथ्या चरणाची वाट पाहा. मन भटकत नाही, कारण त्याला एक काम मिळालेलं असतं.

मुक्तछंदात मोजणी नाही, पण ओळ तोडण्याला तितकंच महत्त्व आहे. हेही माझंच:

तिने दार लावलं नाही
पूर्ण

वाचणाऱ्याने हे एका दमात वाचलं तर ती साधी माहिती आहे, दार अर्धवट लोटलेलं होतं. ओळीच्या शेवटी क्षणभर थांबून वाचलं, तर आधी आपल्याला दार सताड उघडं दिसतं, आणि मग 'पूर्ण' या एका शब्दाने ते आपल्या डोळ्यांसमोर निम्मं मिटतं. ध्वनिमुद्रण करताना मला अशा प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं. फार थांबले तर वाक्य तुटतं, न थांबले तर कविता जाते. मी पेन्सिलीने तिथे छोटी उभी रेघ मारून ठेवते आणि दोन-तीनदा वेगवेगळं म्हणून बघते. चांगला वाचक कोण, हे ओळखायची माझी खूण हीच आहे: ओळीचा शेवट त्याच्या आवाजात ऐकू येतो, पण तिथे अडखळल्यासारखं वाटत नाही.

सुरुवातीला ज्या कवितेत काहीतरी परत परत येतं ती निवडा, म्हणजे ध्रुपद असलेलं गीत, ओवी, गझल. निसटलेलं परत हाती लागायची संधी त्या कविता स्वतःच देतात. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात. त्यातल्या अनेक 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर बायकांच्या स्वतःच्या आवाजात मोफत ऐकता येतात, खाली शब्दही दिलेले असतात. आधी शब्द न बघता ऐका, मग बघत ऐका. मी तर तिथे तासन् तास रमते. एखादी बाई ओळ म्हणते, दुसरी ती उचलते, आणि त्याच ओळीचा भार बदलतो. दोन गळ्यांनी एकच ओळ इतकी वेगळी होऊ शकते हे मला अजूनही नवल वाटतं.

दादेचं म्हणाल तर गझलेत ती कुठे यावी याची जागा ठरलेली आहे. मतल्यानंतरच्या (सुरुवातीच्या शेरानंतरच्या) शेरांत, म्हणजे दोन-दोन ओळींच्या कडव्यांत, पहिली ओळ एक गोष्ट मांडून मोकळी सोडते. वाचणारा ती बहुधा पुन्हा म्हणतो, म्हणजे ऐकणाऱ्याला ती धरता येते. दुसऱ्या ओळीत काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, आला की रदीफ, म्हणजे त्यामागून दर वेळी तसाच येणारा शब्द, काय असणार हे सगळ्यांना ठाऊकच असतं, म्हणून सभागृह कवीबरोबरच ते म्हणतं आणि त्याच क्षणी दाद येते. शेजारचे तुमच्या पुढे असतात ते यामुळे, ते काफियाची वाट बघत बसलेले असतात. मुक्तछंदात मधेच 'वाह' आलं तर पुढची ओळ बुडते, तिथे शेवटपर्यंत गप्प बसणं हीच दाद. पण मनापासून आलेल्या कुठल्याही दादेने कवीचं वाईट झालेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि कविसंमेलनाला शेवटपर्यंत बसलंच पाहिजे असं कोणी सांगितलं? थकलात की उठा, मात्र दोन कवींच्या मधे उठा. आवडलेल्या कवितेची पहिली ओळ आणि कवीचं नाव तेवढं टिपून घ्या, कारण आपल्याला शेवट आठवतो आणि शोधायला लागते पहिली ओळ.

समासातली_टीप

ध्वनिफीत यांचा प्रतिसाद सुंदर आहे, तरी दुसरी बाजू मांडतो.

हल्लीचं स्पोकन वर्ड, म्हणजे मंचावर सादर करण्यासाठीच लिहिलेली कविता, मी बरंच ऐकलं. फार जण एकाच चालीत बोलतात. सुरुवात कुजबुजत, मधे वेग, शेवटच्या ओळीआधी मोठा थांबा. कविता कोणाचीही असो, चाल तीच. याचं एक कारण मला स्पर्धेत दिसतं. स्लॅम हा प्रकार मार्क स्मिथ यांनी १९८०च्या दशकात शिकागोत सुरू केला. प्रेक्षकांतूनच पाच परीक्षक निवडायचे, प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे, सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण काढून उरलेल्या तिघांची बेरीज करायची. वेळ तीन मिनिटं. कवितेपासून दूर गेलेल्या लोकांना परत आणायला हे उत्तम होतं आणि लोक आलेही. पण तीन मिनिटांत अनोळखी माणसाकडून गुण मिळवायचे म्हटलं की कवी लगेच पोचणाऱ्या ओळी लिहायला लागतो. दुसऱ्या वाचनात उलगडणारी कविता तिथे हरते.

आणि काही कविता डोळ्यांसाठीच असतात. मर्ढेकरांची दाटीवाटीची शब्दयोजना एका ऐकण्यात कशी कळावी? उलट काही थोर कवी स्वतःची कविता इतकी सपाट वाचतात की पुस्तकच बरं वाटतं.

ध्वनिफीत

चालीबद्दल पूर्ण सहमत. तो मोठा थांबा मलाही खटकतो, कारण तो ओळीतून आलेला नसतो, मंचावरून आलेला असतो. ओंजळ यांना आवडलेल्या मुलाने आवाज चढवला नाही हे त्यांनी आवर्जून लिहिलंय, ते यामुळेच महत्त्वाचं वाटलं मला.

पण मर्ढेकर हे उदाहरण मी उलट बाजूने देईन. ते आकाशवाणीत नोकरीला होते, आवाजाचं माध्यम त्यांच्या रोजच्या कामाचं होतं. आणि त्यांच्या कितीतरी कविता छंदात आहेत, अगदी अभंगाच्या आणि ओवीच्या घाटात. पानावर त्यातला एखादा शब्द अडला की आपण तिथेच खिळून बसतो. मोठ्याने म्हटलं की लय त्या शब्दावरून पुढे नेते, अर्थ मागाहून येतो. एका ऐकण्यात कळत नाही हे खरं, पण एका वाचण्यात तरी कुठे कळतात ते? माझं म्हणणं इतकंच की आधी ऐकून मग पान उघडावं. उलट क्रमाने गेलं तर आपण ऐकतच नाही, वाचलेलं आठवत बसतो.

कवीने स्वतः वाचण्याबद्दल. इंग्रज कवी टेनिसन यांनी १८९० मध्ये मेणाच्या नळकांड्यावर ध्वनिमुद्रित केलेलं वाचन आजही ऐकायला मिळतं. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. शब्द खरखरीत निम्मे बुडालेत, पण घोडदळाच्या हल्ल्यावरच्या 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' या कवितेची दौड खरखरीतूनही स्पष्ट ऐकू येते. आयरिश कवी येट्स यांनी १९३२ मध्ये बीबीसीवर वाचताना आधीच सांगून टाकलं होतं, की मी लयीवर भर देऊन वाचणार आहे आणि सवय नसेल तर ते विचित्र वाटेल. वाटतंच, जवळजवळ मंत्र म्हटल्यासारखं. ते वाचन नाटकी म्हणून सोडून देणारेही भेटतात. मला मात्र त्यातून ओळ त्यांच्या कानात कशी वाजत होती ते कळतं, आणि छापील पान मला ते कधीच सांगू शकलं नसतं. सपाट वाचणाऱ्या कवीकडूनही एक गोष्ट मिळते: तो कुठे थांबत नाही ते. आपण जिथे गहिवरून थांबलो असतो तिथून तो सरळ पुढे जातो.

चालता_बोलता

टेनिसन शोधून ऐकलं. खरखर एवढी की शब्द फारसे कळले नाहीत, पण दौड खरंच ऐकू येते! धन्यवाद ताई.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या ओव्या ऐकल्या, आधी न बघता आणि मग बघत, आणि दुसऱ्या वेळी मन कुठेही गेलं नाही. 'दार लावलं नाही / पूर्ण' मी घरात सगळ्यांना दोन्ही प्रकारे म्हणून दाखवलं. जाणत्या माणसाने दुसऱ्यांदा म्हणायला लावलं, एवढंच सांगते.

आता एक शेवटचं. त्याच ओपन माइकला पुन्हा जायचंय. मी कविता लिहीत नाही, पण आवडलेली एखादी वाचावीशी वाटतेय. दुसऱ्याची कविता वाचलेली चालते का? आणि तयारी कशी करू?

ध्वनिफीत

नक्की वाचा. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी बोरकरांच्या आणि मर्ढेकरांच्या कविता जाहीरपणे वाचल्या आणि त्या ऐकून कितीतरी लोक त्या कवींकडे वळले. स्वतःची नसलेली कविता वाचणाऱ्याला एक फायदाच असतो, त्याला कवितेची बाजू घेऊन बोलायचं नसतं. फक्त आयोजकांना आधी विचारा, कारण काही ठिकाणी स्वतःच्याच रचना हव्या असतात. आणि तुमचं वाचन कोणी चित्रित करून नेटवर टाकणार असेल, तर हयात कवीची परवानगी घेतलेली बरी.

कविता छोटी निवडा, दोन मिनिटांच्या आत संपणारी. कवितेआधी कवीचं नाव सांगा आणि थांबा. कविता कशावर आहे, तुम्हाला का आवडली, यातलं काही सांगू नका, नाहीतर लोक कवितेत तुमचं वाक्य शोधत बसतात. कागद हातात ठेवा, पाठ असली तरी. अक्षर मोठं असू द्या, आणि जिथे ओळ संपते तिथेच कागदावरही ओळ संपू द्या, जागा उरली म्हणून पुढची ओळ वर ओढू नका. आठवडाभर रोज एकदा मोठ्याने म्हणा, पण आरशासमोर नको, तिथे लक्ष चेहऱ्याकडे जातं. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐका आणि फक्त ओळींचे शेवट तपासा. शेवटचं अक्षर गिळलं जातंय का? मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, आणि आपण दम संपत आला की नेमकं तेच गिळतो.

माइकपासून वीतभर अंतर ठेवा. पहिला शब्द बोलण्याआधी एक पूर्ण श्वास घ्या. कोणती कविता निवडली ते इथे कळवा, हवं तर उभ्या रेघा कुठे मारायच्या ते आपण मिळून बघू.